पालवीच्या रंगाचा ड्रेस

हे सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. घरात तो विषय निघाला की मी उठून कापायच्या टेबलावरचे खडूचे डाग पुसायला लागायचो, नाहीतर न हरवलेली सुई शोधायचो. आता दुकान बंद करून सहा वर्षं झाली. टेबल विकून टाकलं. आणि जिला हे ऐकून घ्यायचा हक्क होता, ती माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी गेली. आता टाळायचं तरी कुणासमोर? निदान कागदावर जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

मी शिंपी. रत्नागिरीच्या बाजारात एका अरुंद गाळ्यात चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. घर गाळ्याच्या मागेच. आधी ब्लाउज आणि परकर, मग पंजाबी ड्रेस, शेवटी शेवटी गाऊनसुद्धा. सगळे मला मास्तर म्हणत. हात चांगला होता. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, कारण पुढचं समजायला ते ठाऊक असावं लागतं. माझं माप चुकत नसे.

दुकानाची एक रीत होती. गळ्यातली टेप काढण्याआधी मी बाईला विचारायचो, "दिवसभर काय करता?" नवीन बायका दचकायच्या. कपडा शिवायला आलेल्या बाईला हे कोण विचारतं? पण मी विचारायचो आणि त्याप्रमाणे कापायचो. मिरकरवाड्यातून एक मासेवाली यायची. तिचा हात अर्धा दिवस डोक्यावरच्या टोपलीला. तिच्या ब्लाउजचा मुंढा, म्हणजे खांद्यापासून काखेपर्यंतचा घेर, मी मुद्दाम सैल ठेवायचो आणि बाही आखूड.

"मास्तर, तुमच्या ब्लाउजात हात वर करून भांडतासुद्धा येतं," ती म्हणायची, आणि शेजारच्या दुकानदाराशी तिथल्या तिथे भांडून दाखवायची.

एक शिक्षिका होत्या, त्यांना गडद रंगाची हौस. मी सांगितलं, "बाई, खडूची भुकटी बसली की हे सगळं पांढरं दिसणार. फिका निळा घ्या." त्या ऐकायच्या नाहीत. मग मी म्हणायचो, "बरं, आवड तुमची. पण आपला दिवस कसा जातो, हे कपड्याला माहीत असायला हवं." हे वाक्य मी इतक्या बायकांना ऐकवलं की पुढे पुढे त्या मलाच ते परत ऐकवायच्या आणि हसायच्या. आपण काही तरी शहाणपणाचं बोलतो, असं मलाही वाटायला लागलं होतं.

माझ्या बहिणीला मी हा प्रश्न कधी विचारला नाही.

ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पालीच्या पलीकडच्या एका गावात दिली होती. नवरा मुंबईत कामाला, वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तो तिकडेच आजारी पडून गेला. मूल नव्हतं. सासरी दोन वर्षं काढली. मग दीर म्हणाला, "वैनी, तुम्ही भावाकडे राहिलात तर बरं." मी जाऊन तिला घेऊन आलो. तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. एक ट्रंक आणि एक लोणच्याची बरणी, एवढंच घेऊन आली.

आमच्यात नवरा गेलेल्या बाईने काय घालावं आणि काय घालू नये, हे कुणी तोंडाने सांगत नाही. त्याची गरज नसते. दिवाळीत भाऊबीजेला भाऊ ओवाळणीत साडी घालतो. ती साडी कुठल्या रंगाची आहे, ते बघून बाईने समजून घ्यायचं. पहिल्या भाऊबीजेला मी तिला राखाडी साडी आणली. "मळखाऊ आहे, कामाला बरी," असं म्हणालो. तिने साडी मांडीवर घेतली, हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे." दुसऱ्या वर्षी जरा गडद राखाडी आणली. तिसऱ्या वर्षी तिसरीच छटा. तेव्हा ती माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, आता माझ्याकडे तिन्ही झाल्या. राख, ओली राख आणि कालची राख."

बायको हसली. मीही हसलो. मला राग आला होता, पण हसलो.

ती अशीच होती. गप्प बसणारी नव्हती. नकला करायची. दुकानात येणाऱ्या बायका टेप लावताना पोट कसं आत ओढून धरतात, ते करून दाखवायची. मात्र दुकानात ती बसायची ती मागच्या बाजूला, पडद्याआड. सकाळी घरचं आटोपलं की येऊन बसायची आणि दिवसभर हूक लावायची, काजे करायची, साड्यांना फॉल लावायची. मी शिवलेला प्रत्येक ब्लाउज तिच्या हाताखालून जायचा. तिचे हूक कधी तुटले नाहीत. बायका म्हणायच्या, "मास्तर, तुमचे हूक पक्के." मी मान हलवायचो. पडद्यामागे ती आहे, हे किती जणींना ठाऊक होतं, मला सांगता येणार नाही. मी सांगितलं नाही एवढं खरं.

तिला दुकानात बसून सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. श्रावण चालू होता. ती एका ओळखीच्या बाईबरोबर हातखंब्याला गेली होती, कुणाच्या तरी पूजेला. हमरस्त्यावर तिथे मोठं हॉटेल होतं. गाड्या थांबतात, लोक चहा पितात, कोकमाच्या बाटल्या, आंबापोळी, चिक्की घेऊन जातात. त्या हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकाला गल्ल्याशेजारच्या विक्रीच्या टेबलावर उभी राहायला बाई हवी होती. माझी बहीण तिथे पाच मिनिटं काय बोलली असेल कोण जाणे, म्हातारा म्हणाला, सोमवारपासून या.

शुक्रवारी संध्याकाळी ती हे सांगत दुकानात आली, आणि सांगताना उभीच होती.

"दादा, मी नोकरी धरली."

"कसली नोकरी?"

"उभं राहायची." आणि तिने हातखंब्याचं सगळं सांगितलं. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेलं कापड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "आणि हे शिवून दे. ड्रेस."

मी कागद उघडला. सुती कापड. रंग असा की पहिल्यांदा मला त्याचं नावच सुचेना. तांबडा म्हणावा तर नाही, तपकिरी म्हणावा तर नाही.

"काय बघतोस? आंब्याच्या कोवळ्या पालवीचा रंग आहे तो," ती म्हणाली. "सासरी परसात कलम होतं. पालवी फुटली की मी उगीच त्याच्याखाली जाऊन उभी राहायची. म्हटलं, कधीतरी ह्या रंगाचं काहीतरी घालीन."

"साडी नेसून काम होणार नाही काय?"

"कसं होईल? एसटीत चढायचं, उतरायचं. वरच्या फळीवरच्या बरण्या काढायच्या, बाजूला चहाची शेगडी. मालक स्वतःच म्हणाले, ताई, ड्रेस असला तर बरं. आणि हे बघ, खिसा हवा मला. खोल हवा. मनगटापर्यंत हात गेला पाहिजे."

"बायकांच्या ड्रेसला खिसा कोण ठेवतं गो?"

"मी ठेवते. पदराला गाठ मारून किती वर्षं चाव्या सांभाळायच्या?"

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "लोकांना चिक्की देईन."

तिला एवढी खूश मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघत होतो. हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसलं नाही, असं मी म्हणणार नाही.

ती निघताना म्हणाली, "भिजवायला वेळ नाही रे. श्रावणात दोन दिवस वाळायचं नाही. तसंच शीव." सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढतात, नाहीतर मागाहून आटतं. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी बाजार बंद असतो. मी फळ्या लावून घेतल्या आणि तिचं कापड टेबलावर पसरलं. तिचं माप मला वहीत बघायची गरज नव्हती. छाती छत्तीस. छत्तीसच्या छातीला ड्रेस चाळीसचा कापतात, कारण माणूस श्वास घेतो, वाकतो, हात वर करतो. मी सदतीसवर खडू ओढला. मुंढा दीड बोट वर उचलला. मग शिवणीच्या आत जे कापड राखायचं असतं, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतं, ते कापून टाकलं. दोन्ही बाजूंनी, सरळ, माझ्या चांगल्या कात्रीने. नेहमीपेक्षा नीट कापलं.

खिसा मात्र मी छान शिवला. खोल, दुहेरी टिपेचा. तो बघून तिला बाकीच्याची शंका येणार नाही, एवढा विचार मी केला होता.

मी टिपा मारत असताना बायको जेवायला बोलवायला आली. मागच्या दाराने. तिची नजर खाली गेली. जमिनीवर त्या पालवीच्या रंगाच्या दोन लांब पट्ट्या पडल्या होत्या.

"अहो, एवढं कापड चिंध्यांत?"

मी मशीन चालूच ठेवलं.

तिने पट्टी उचलून बोटांत धरली. "तुमचं माप चुकत नाही."

"लोक काय म्हणतील याचा जरा विचार कर," मी म्हणालो. "विधवा बाई हमरस्त्यावर ड्रेस घालून उभी राहते. उद्या पालीला दिराच्या कानावर गेलं म्हणजे? आपलं तोंड कुठे दाखवायचं?"

"लोकांचं नाव कशाला घेता?" बायको म्हणाली. "गणपती तीन आठवड्यांवर आलेत. शिवायचा ढीग पडलाय. ती गेली तर हूक कोण लावणार, एवढंच ना? लोक काही हूक लावायला यायचे नाहीत."

हे तिने मोठ्याने म्हटलं, त्या क्षणापर्यंत मी स्वतःशीही ते म्हटलं नव्हतं. मी स्वतःला घराण्याची अब्रू, दिराचं तोंड, चालीरीत, असलंच काही सांगत होतो. आमच्या इकडे गणपतीच्या आधीचे ते तीन आठवडे शिंप्याचे. मुंबईचे लोक गावी येणार, प्रत्येक घरातल्या बायकांना नवीन ब्लाउज हवा, तोही चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत. त्या दिवसांत ती सकाळी सातला बसायची ते दिवेलागणीपर्यंत. तिच्याशिवाय मला एकही शब्द पाळता आला नसता. बायकोने एका वाक्यात सगळं उघडं केलं. आणि मग तिने काय केलं, तेही लिहितो. ती पट्टी तिने चिंध्यांच्या पिशवीत तळाशी कोंबली, वर दुसऱ्या चिंध्या टाकल्या आणि म्हणाली, "जेवायला चला." घरातली अर्धी कामं माझी बहीण करत होती, हे तिलाही कळत होतं. आज तिला ह्याबद्दल विचारलं तर म्हणते, "मला नाही बाई आठवत." असू दे. कापलं मी.

रविवारी तिने ड्रेस घालून बघितला. आतल्या खोलीतून बाहेर आली. दोन्ही हात खिशात असल्यासारखे. एकाच बाजूला खिसा होता, तरी दुसरा हात तिने उगाच कुशीला लावून धरला होता. गोल फिरली. मला सांगायला हवं, तो रंग तिला फार शोभत होता. ती गव्हाळ, आणि त्या रंगाने तिच्या चेहऱ्यावर उजेड आल्यासारखं झालं होतं. चाळीस वर्षांत मी हजार बायकांना आरशासमोर उभं केलं असेल. एवढं अचूक निवडलेलं कापड क्वचित बघितलं. दुकानात ती गिऱ्हाईक म्हणून आली असती तर मी बाकीच्यांना बोलावून दाखवलं असतं.

मग तिने हात वर केला. थांबली.

"दादा, हात वर गेला की काखेत ओढतं."

"आटलं असणार."

"एवढ्यात? धुतलं पण नाही."

"इस्त्री करताना पाणी मारलं ना मी. तेवढ्याने पण आटतं सुती. भिजवून द्यायला हवं होतंस."

तिने बाही ओढून बघितली. मग कपाळावर हात मारून घेतला. "माझीच अक्कल. घाई घाई केली." आणि लगेच, "असू दे. घालून घालून सैल होईल."

मला वाटलं होतं, ती घालणार नाही. तेवढ्यावर ते मिटेल, असा माझा हिशेब होता. ती सोमवारी सकाळी तो ड्रेस घालून, ओढणी पिन करून, एसटीने हातखंब्याला गेली.

तीन दिवस गेली. रोज संध्याकाळी येऊन सांगायची. कुणी काय घेतलं, कोल्हापूरकडची माणसं कोकम कसं वास घेऊन बघतात, पुण्याच्या एका बाईने चिक्की आधी चाखून, मग मुलांना चाखवून, मग न घेता कशी गेली. ती त्या बाईची नक्कल करायला लागली तशी माझी बायको हसून हसून खाली बसली. मी मागे बसून स्वतः हूक लावत होतो आणि माझी बोटं टोचून निघाली होती.

चौथ्या दिवशी ती लवकर आली. ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेली. दारातच बायकोला म्हणाली, "फाटला."

वरच्या फळीवरून बरणी काढायला तिने हात वर केला, आणि उजव्या काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवत गेली. टेबलांवर ट्रकवाले बसलेले. त्यांच्यातला एक म्हणाला, "ताई, खिडकी उघडली." सगळे हसले. मालकाने आपल्या खांद्यावरचा पंचा तिच्याकडे टाकला आणि त्यांना चार शब्द सुनावले. पण हसायचं ते हसून झालं होतं.

"मी पण हसले त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "काय करणार? रडले असते तर आणखी हसले असते." हे सांगताना तिने त्या ट्रकवाल्याचा आवाज काढला. ती नक्कल अर्ध्यावर सोडून ती आत गेली.

थोड्या वेळाने ड्रेस घेऊन बाहेर आली. उलटा करून माझ्यासमोर धरला.

"दादा, ह्याला आत कापडच नाही सोडलेलं."

"कमी पडलं. तू आणलंस तेवढंच होतं. त्यात ते आटलं."

तिने माझ्याकडे बघितलं. तिने सहा वर्षं माझ्या हातचे कपडे आतून बघितले होते, मी किती कापड राखतो ते तिला बोटांनी ठाऊक होतं. तिला कळलं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "दुसरं कापड आणते. भिजवून आणते. लगेच देशील काय? मालक म्हणालेत, दोन दिवसांनी आलात तरी चालेल."

"आण. आण तू, मी देतो."

तिने आणलं. भिजवून, वाळवून, घडी घालून. ह्या वेळी साधं निळं होतं, कापडाच्या दुकानात पालवीचा रंग उरला नव्हता. मी ते फळीवर ठेवलं. दोन दिवसांनी तिने विचारलं, मी म्हणालो, "हे एवढे ब्लाउज जाऊ देत." चार दिवसांनी विचारलं, मी म्हणालो, "गणपती होऊ देत गो, तुला दिसत नाही काय ढीग?" तिला दिसत होता. मधल्या वेळात ती पडद्यामागे येऊन बसलीच होती. हूक लावत होती. एकदा साडी नेसून जाते म्हणाली. मी म्हटलं, "पुन्हा काही झालं, शेगडीवर पदर गेला, तर कोण निस्तरणार?" ती गेली नाही. अनंत चतुर्दशी झाली. तिसऱ्या दिवशी ती हातखंब्याला जाऊन आली. तिथे दुसरी बाई उभी होती.

ते निळं कापड मी पुढे शिवलंच नाही. एक दिवस ते फळीवरून नाहीसं झालं. तिने त्याचे दोन उशांचे अभ्रे शिवले होते.

ह्यानंतर ती माझ्याकडे सोळा वर्षं राहिली. लिहायला सोळा हा एकच शब्द आहे. रोज सकाळी येऊन पडद्यामागे बसणं आणि संध्याकाळी उठणं, असं सोळा वर्षं. मी तिला दर भाऊबीजेला साडी घातली, आणि रंगाचं तिने पुन्हा नाव काढलं नाही. नकला हळूहळू बंद झाल्या. कधी बंद झाल्या, ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. दुकानात कुणी बाई सुती कापड घेऊन आली की पडद्यामागून आवाज यायचा, "भिजवलंय ना? नाहीतर आटतं हो." बायका म्हणायच्या, "तुमची बहीण हुशार आहे." ती माझी थट्टा करत होती, की मी शिकवलेली खोटी चूक खरंच स्वतःची समजून बसली होती, हे मला विचारता आलं असतं. विचारलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तेव्हा मी मशीनचं पायडल जोरात मारायचो.

आणि बाहेर, टेबलाच्या ह्या बाजूला, मी गिऱ्हाइकांना विचारतच होतो, "दिवसभर काय करता?" त्या वाक्याचा मला कधी संकोच वाटला नाही. ह्याचं मला आज सगळ्यात नवल वाटतं.

तिची नजर कमी झाली. सुईत दोरा ओवता येईना. मग माझ्याही गुडघ्यांनी दगा दिला आणि दुकान बंद केलं. दुकान बंद झालं आणि माझ्या लक्षात आलं की आता तिला ठेवून घ्यायचं कारणच उरलं नाही. हे असं मनात आलं. मला त्याची लाज वाटली, पण आलं. तिलाही ते जाणवलं असावं. मंडणगडला तिची नणंद होती, नवऱ्याची मोठी बहीण, तीही एकटी. ती कितीतरी वर्षं बोलवत होती. एक दिवस बहीण म्हणाली, "मी जाते तिकडे. दोघी म्हाताऱ्या मिळून राहू."

मी तिला एसटीत बसवून दिलं. ट्रंक तीच होती.

मंडणगडला ती पाच वर्षं जगली. आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. आवाजात फरक पडत गेला. नणंदेची नक्कल करून दाखवायची, आणि मागून नणंदेची शिवी ऐकू यायची. एक दिवस माझ्या मोबाईलवर फोटो आला. नणंदेची नात शेजारच्या आळीत राहायची, तिने काढलेला. माझी बहीण अंगणात उभी, साठीला आलेली, केस पांढरे, आणि अंगात पिवळाधमक कुर्ता, त्यावर मोठाली लाल फुलं. खाली सैल सलवार. हात कमरेवर. हसत होती. तयार कपड्यांच्या दुकानातला होता, ते मला लगेच कळलं. माझी नजर आधी गेली ती तिच्या काखेकडे. सैल होती. चांगली सैल.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"फोटो बघितलास काय?"

"बघितला."

"मग? कसा दिसतोय? इथे रोज हेच घालते मी. नणंद म्हणते, झेंडूचं शेत चालत आलं. म्हटलं, तू बघ आणि जळ."

हीच वेळ होती. ती आनंदात होती, मी एकटा होतो, बायको देवळात गेली होती. एकवीस वर्षांनी आयती वेळ आली होती. आणि मी काय म्हणालो, तर म्हणालो, "कापड हलकं आहे. दोन धुण्यांत रंग जाईल."

ती म्हणाली, "गेला तर गेला. दुसरा घेईन."

तिने अगदी सहज म्हटलं. रागावून नाही. माझं मत आता तिच्या कपड्यांच्या मधे कुठे येतच नव्हतं.

त्या आठवड्यात मी ठरवलं की पुढच्या फोनला सांगायचं. काय बोलायचं, ते मनात जुळवून ठेवलं. रविवारी मीच फोन लावला. तिने उचलला. "बोल दादा." मी म्हणालो, "पाऊस आहे काय तिकडे?" मग तिने पावसाचं सांगितलं. ओढ्याला पाणी आलंय, परसातली भिंत खचली, नणंद छत्री घेऊन गुरं बघायला जाते आणि भिजून येते. दहा मिनिटं ती पावसाचं बोलली आणि मी "हां, हां" म्हणत राहिलो. शेवटी तिनेच विचारलं, "तुला काही सांगायचं होतं काय?" मी म्हणालो, "नाही गो. सहज."

पुढच्या शुक्रवारी तिला ताप भरला. सोमवारी नणंदेच्या नातीचा फोन आला. मी मंडणगडला पोचलो तोवर तिला नेऊन झालं होतं.

त्या रविवारी, ती विचारत असताना, मला हे बोलायचं होतं. बाय, ते कापड आटलं नव्हतं. मी लहान कापलं, मुद्दाम कापलं, आणि सैल करता येऊ नये म्हणून आतलं कापड छाटून टाकलं. तू नोकरीला गेलीस तर माझे हूक कोण लावणार, एवढ्यासाठी. अब्रूचं मी नुसतं नाव घेतलं. न भिजवता दिलंस, ही तुझी चूक कधीच नव्हती. ते लोक तुला हसले ते माझ्यामुळे. मी चुकलो गो. मला माफ कर.